१० फुटी खोली, रोज २० तपासण्या: ऑटोरेफ, एनसीटी आणि फंडस कॅमेरा एकदम घ्यावेत का?

प्लस_वन (मूळ प्रश्न)

नमस्कार. ठिकाण रत्नागिरी जिल्ह्यातलं, तालुक्याच्या बाजारपेठेतलं. पुढे चष्म्याचं दुकान, मागे तपासणीची खोली, आतून मोजून १० फूट लांब आणि ७ फूट रुंद. रोज साधारण २० तपासण्या, बाजाराच्या दिवशी ३५ पर्यंत. निम्मे चाळिशीचा चष्मा करायला येणारे, बाकी शाळेची मुलं आणि साठीपुढची मंडळी. मधुमेही दिवसाला दोन-तीन.

सध्या हाताशी स्ट्रीक रेटिनोस्कोप (डोळ्यात उजेडाची पट्टी टाकून नंबर काढायचा), ट्रायल सेट, हाताने फिरवायचा लेन्सोमीटर (चष्म्याचा नंबर मोजायचा), दिव्याच्या पेटीतला तक्ता आणि नोंदींची वही आहे. नेत्रतज्ज्ञ आठवड्यातून एकदा तालुक्याला येतात. पडद्याचं (रेटिनाचं) काम असेल तर पेशंटला जिल्ह्याच्या गावी, म्हणजे दीड तास लांब जावं लागतं.

डीलरने पॅकेज दिलंय: केराटोमीटरसह (कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक थराची वक्रता मोजणारा) ऑटोरेफ (आपोआप डोळ्याचा नंबर मोजणारं यंत्र), हवेचा झोत मारून डोळ्याचा दाब मोजणारा टोनोमीटर (एनसीटी), बाहुली न वाढवता पडद्याचा फोटो काढणारा फंडस कॅमेरा, आणि वर तीन वर्षं सॉफ्टवेअर 'फुकट'. पाच वर्षांचं कर्ज. तिन्ही एकदम घ्यावं की टप्प्याने? टप्प्याने तर कुठल्या क्रमाने? शिवाय तक्त्याऐवजी ३२ इंची टीव्ही लावायचा विचार आहे, त्यात काही खोट आहे का?

---

अ‍ॅक्सिस_९०

पॅकेज मोडा. तिन्ही यंत्रं तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात, आणि तुमच्या खोलीत त्यातला एकच प्रश्न रोज वीस वेळा पडतो: नंबर काढायला सुरुवात कुठून करायची.

आधी हिशोब मांडा. आकडे नुसते धरून चाललोय, तुमच्या कोटेशनचे घाला. यंत्र ३ लाखांचं, पाच वर्षांचं व्याज ७५ हजार, वॉरंटीनंतरच्या चार वर्षांची सीएमसी (सुट्या भागांसह देखभालीचा करार) २० हजाराने ८० हजार. झाले ४ लाख ५५ हजार. वर्षाचे ३०० दिवस धरले तर पाच वर्षांत १५०० दिवस, म्हणजे रोजचे ३०३ रुपये. ऑटोरेफ वीसही जणांना लागतो, माणशी १५ रुपये. त्याच किमतीचा कॅमेरा तीन मधुमेहींपुरता लागला तर माणशी १०१. तो खर्च कोण देणार हे ठरवल्याशिवाय कर्जावर सही करू नका.

सीएमसी मुद्दाम धरलीय. एएमसीमध्ये (साध्या वार्षिक देखभाल करारात) बहुतेकदा फक्त येणं-जाणं आणि साफसफाई असते, सुटे भाग वेगळे. टचस्क्रीन, हनुवटीची मोटर, प्रिंटरचं हेड कशात मोडतं ते लेखी घ्या. बिघाडानंतर इंजिनिअर किती दिवसांत येणार आणि तोवर बदली यंत्र मिळणार का, हेही. पुण्या-मुंबईहून येणारा माणूस घाट उतरायला आठवडा लावतो.

डेमोच्या वेळी ऑटोरेफमध्ये पाहायच्या गोष्टी:

किमान किती बाहुलीवर रीडिंग येतं? २ मिलिमीटरवर आलं पाहिजे. साठीपुढच्या माणसाची बाहुली उजेडात तेवढीच असते. म्हणून यंत्र खिडकीसमोर मांडू नका.

व्हर्टेक्स अंतर (चष्म्याची काच ते डोळा) १२ मिलिमीटरवर आहे का? काही यंत्रं १३.७५ वर येतात, त्याने फार बिघडत नाही. −८ च्या नंबरालाही फरक ०.११ चाच. घोटाळा होतो तो कोणी कॉन्टॅक्ट लेन्ससाठी व्हर्टेक्स ० करून तसाच सोडला की. मग −८.०० चा माणूस कागदावर −७.३० च्या आसपास दिसतो आणि दिवसभर कोणाच्या लक्षात येत नाही.

सोबत मॉडेल आय (नंबर ठाऊक असलेला नकली डोळा) मिळतो का? रोज सकाळी त्यावर एक रीडिंग, वहीत नोंद. केराटोसाठी ८.०० मिलिमीटरचा गोळा असेल तर ४२.१९ डायॉप्टर (नंबराचं एकक) यायला हवं. पाव नंबराने सरकलं तर आधी पुढची काच बघा. दहातल्या आठ वेळा बोटाचा ठसा निघतो. ब्लोअरने धूळ उडवून लेन्स पेपरने पुसा, शर्टाच्या टोकाने नको.

आता खरी मेख. यंत्रात फुगा किंवा घर दिसतं ते लांबचं असलं तरी डोळ्याला यंत्र जवळ आहे हे कळतं, आणि मुलं हमखास जोर लावतात. +२.०० चं मूल प्लेन (बिननंबरचं) किंवा −०.५० दिसू शकतं. ओळखायची खूण: तीन रीडिंगच्या स्फेरिकलमध्ये (मुख्य प्लस-मायनस नंबरात) अर्ध्यापेक्षा जास्त फरक, किंवा बिनचष्म्याने ६/६ वाचणाऱ्या मुलाचा कागद −०.७५ म्हणतोय. अशा वेळी रेटिनोस्कोप हातात घ्या (६७ सेंटीमीटरवरून पाहत असाल तर दीड नंबर वजा), आणि शंका राहिली तर थेंब टाकून तपासायला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. बाजारात 'कॉम्प्युटरद्वारे मोफत नेत्रतपासणी' अशा पाट्या लागतात, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी हाच कागद थेट चष्मा होतो.

मोठ्यांमध्ये क्रम असा: तीन रीडिंगची सरासरी घ्या, त्यावर +१.०० चढवून धूसर करा, मग पाव-पाव उतरवत या. ६/६ आलं की थांबा. अजून मायनस दिल्यावर अक्षरं 'काळी आणि बारीक' दिसतात, ती जास्त वाचता येत नाहीत. मग क्रॉस सिलेंडर (सिलेंडर, म्हणजे तिरका नंबर, पक्का करायला), मग लाल-हिरवा तक्ता, शेवटी दोन्ही डोळ्यांचा समतोल. अ‍ॅक्सिस (सिलेंडरची दिशा) दर वेळी ५-१० अंशांनी हलत असेल तर डोकं तिरकं आहे. यंत्राच्या खांबावरच्या खुणेशी डोळ्याचा बाहेरचा कोपरा जुळवा. रीडिंगच्या ठीक आधी एकदा पापण्या मिटायला सांगा. कोरड्या डोळ्यावरचे अश्रू फाटले की सिलेंडर उगाच वाढतो.

एक कामाचं: डोळे चोळणाऱ्या मुलात केराटो ४८ च्या वर आणि सिलेंडर दर सहा महिन्यांनी वाढतोय, तर चष्मा बदलत बसू नका. कॉर्नियाच्या टोपोग्राफीला (आकाराचा नकाशा काढायला) पाठवा.

ऑटोरेफनंतर पैसे उरले तर ऑटो लेन्सोमीटर. जुना चष्मा मोजायला दहा सेकंद, आणि प्रोग्रेसिव्हची (दूर-जवळ एकाच काचेत) जवळची पॉवर चुकत नाही. मात्र १.६७ किंवा १.७४ इंडेक्सच्या पातळ काचेला अ‍ॅबे मूल्य (काचेत रंग किती पसरतात त्याचा आकडा) बदलायचं असतं, ते सगळे विसरतात.

---

पडदा_पाहणारा

कॅमेऱ्याबद्दल. फोटो काढणं सोपं आहे. तो कोण वाचणार, किती दिवसांत, आणि 'पाठवा' म्हटल्यावर पेशंट कुठे जाणार, या तीन गोष्टी ठरल्या नसतील तर कॅमेरा म्हणजे महागडा अल्बम. आधी त्या आठवड्याला येणाऱ्या डॉक्टरांशी बोला. ४८ तासांत वाचून देणार का, दर फोटोमागे किती, अहवालावर सही कोणाची.

बेंगळुरूच्या फोरसचा ३नेत्र आणि रेमिडिओचा फोनवर बसणारा कॅमेरा आपल्याकडच्या शिबिरांत बरेच चालतात, सुटे भाग देशातच मिळतात. हातातला स्वस्त पडतो, पण हात हलतो. रोज तीनच पेशंट असतील तर हात बसत नाही. हनुवटीच्या स्टँडवर बसणाराच घ्या.

'बाहुली न वाढवता' हे अर्धसत्य समजा. बहुतेक मॉडेलना साडेतीन-चार मिलिमीटर बाहुली लागते. जुन्या मधुमेहीची ती अंधारातही धड उघडत नाही, वर मोतीबिंदूची सुरुवात. खोली पूर्ण काळोखी करा, फोनचा स्क्रीनसुद्धा बंद, तीन ते पाच मिनिटं बसवा. एका डोळ्यावर फ्लॅश पडला की दुसऱ्याचीही बाहुली आवळते, त्यामुळे दुसऱ्या डोळ्याआधी पुन्हा थांबा. घाईत डावे डोळे नेहमी खराब येतात ते यामुळे. प्रत्येक डोळ्याचे दोन फोटो: एक मॅक्युला (पडद्याचा मधला, नीट दिसण्याचा भाग) मध्ये धरून, एक डिस्क (डोळ्याची नस पडद्याला मिळते ती जागा) मध्ये धरून.

खराब फोटो वाचता येतो. कडेला चंद्रकोरीसारखा पांढुरका पट्टा असेल तर बाहुली लहान किंवा यंत्र सरकलेलं. सगळा फोटो दुधाळ, तर मोतीबिंदू किंवा कॉर्निया. एकाच जागी, प्रत्येक पेशंटमध्ये तोच ठिपका दिसला तर धूळ. त्याला कोणी 'एक्झुडेट' (पडद्यावर झिरपलेला ठिपका) म्हणून अहवालात लिहू नये. मॅक्युलाजवळच्या बारीक रक्तवाहिन्या दिसत नसतील तर तो फोटो 'नॉर्मल' नाही, 'वाचण्यायोग्य नाही' आहे, आणि असा पेशंटही डॉक्टरांकडेच जातो. हा नियम भिंतीवर लावा.

थेंबांचं. आपल्याकडे ट्रॉपिकामाइड ०.८ टक्के आणि फेनिलेफ्रिन ५ टक्के एकत्र असलेली बाटली सगळीकडे मिळते. फेनिलेफ्रिनने रक्तदाब चढू शकतो आणि अरुंद कोन (कॉर्निया आणि बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यामधला) असलेल्या डोळ्यात बाहुली वाढवली तर काचबिंदूचा तीव्र झटका येऊ शकतो. डॉक्टरांच्या लेखी सूचनेशिवाय आणि कोन पाहिल्याशिवाय नको.

एआय वाचून देतो असं डीलर सांगेलच. विचारा: कशासाठी मंजूर आहे? १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय सॉफ्टवेअरही औषध कायद्याखालच्या उपकरणांत धरलं जातं, तेव्हा सीडीएससीओचा (केंद्रीय औषध नियामकाचा) परवाना क्रमांक मागा. आणि लक्षात असू द्या की मधुमेही पडद्यासाठी शिकवलेला एआय 'आढळलं नाही' म्हणतो तेव्हा तो फक्त मधुमेहाबद्दल बोलतोय. काचबिंदूचा खड्डा किंवा पडद्याचं फाटणं त्याने पाहिलेलंच नसतं.

---

जांभा_आणि_अर्थिंग

यंत्राच्या आधी वायरमन बोलवा. जांभ्या खडकात अर्थिंग नीट लागत नाही. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर लावा. ३ व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल तर आधी अर्थिंगचा खड्डा. घरगुती चौकोनी वेव्हचा इन्व्हर्टर ऑटोरेफला लावू नका. १ केव्हीएचा ऑनलाइन युपीएस ऑटोरेफ, संगणक आणि राउटरला पुरतो. खुर्चीची मोटर त्यावर टाकू नका. वीज कडाडायला लागली की प्लग आणि लॅनची तार, दोन्ही उपसा.

बुरशी: जून ते सप्टेंबर कव्हर घालून कोपऱ्यात ठेवलेलं यंत्र आतून कोळ्याचं जाळं पकडतं. रोज थोडा वेळ चालू ठेवा, खोलीत आर्द्रतामापक लावा आणि ६० टक्क्यांच्या खाली राहील असा डीह्युमिडिफायर. ट्रायल सेटच्या पेटीत सिलिका जेल, निळ्याचा गुलाबी झाला की तव्यावर परतून पुन्हा.

---

प्लस_वन

आभार. दोन शंका. एनसीटी पूर्ण बाद करायचा का? काचबिंदू सापडावा अशी इच्छा आहे. आणि 'फुकट' सॉफ्टवेअर नको तर एक्सेलवर काम भागेल का?

---

काचबिंदू_आणि_खड्डा

तुमच्या यादीत स्लिट लॅम्प (उजेडाच्या बारीक पट्टीने डोळा पाहायचा सूक्ष्मदर्शक) नाही, हे कोणी म्हणालं नाही याचं नवल वाटतं. एनसीटीचे पैसे तिकडे वळवा. स्लिट लॅम्प आणि ९० डीचं (पडदा पाहायचं) भिंग असेल तर कॉर्निया, मोतीबिंदू, कोन आणि डिस्क, चारही गोष्टी दिसतात. एनसीटी फक्त एक आकडा देतो.

तो आकडाही निसरडा. नाडीच्या ठोक्याबरोबर डोळ्याचा दाब खालीवर होतो आणि झोत काही मिलिसेकंदांचाच, म्हणून एका झोतावर विश्वास नाही. तीन घ्या, पेशंट दचकलेला पहिला टाकून द्या. पापण्या घट्ट मिटणं, श्वास रोखणं, गळ्यापाशी घट्ट कॉलर, या सगळ्याने दाब वाढलेला दिसतो. कॉर्निया जाड (सर्वसाधारण ५४० मायक्रॉनच्या पुढे) असेल तर जास्त, पातळ असेल किंवा लेसिक झालं असेल तर कमी. आणि नेहमीच्या मर्यादेच्या, म्हणजे २१ च्या, आत दाब असूनही काचबिंदू असलेले भरपूर. १६ लिहिलेला कागद हातात घेऊन माणूस निर्धास्त घरी जातो, धोका तिथे आहे.

घेतलाच तर: ऑटोरेफ आधी, झोत नंतर, नाहीतर डोळ्यात पाणी येऊन नंबर बिघडतो. कॉर्नियाला जखम किंवा अल्सर, अलीकडचं ऑपरेशन असेल तर झोत नाही. नळीच्या तोंडावर अश्रूंचे थेंब सुकतात, रोज कापसाच्या काडीने पुसा.

कोन पाहायची पद्धत येत असेलच, तरी: व्हॅन हेरिक, उजेडाची बारीक पट्टी ६० अंशातून बुबुळाच्या अगदी कडेला. कॉर्नियाची जाडी आणि त्यामागची काळी फट यांची तुलना. फट जाडीच्या पाव किंवा कमी, तर थेंब नाहीत, थेट डॉक्टर. डिस्कचा खड्डा (डिस्कच्या तुलनेत) ०.७ पेक्षा मोठा, किंवा दोन डोळ्यांत ०.२ चा फरक, तर दाब कितीही असो, पाठवा.

---

वही_ते_डेटा

@काचबिंदू_आणि_खड्डा, एनसीटीला अगदीच मोडीत काढू नका. शिबिरात एकच तंत्रज्ञ असेल तर त्याचा उपयोग होतो. पण २० पेशंटच्या खोलीत स्लिट लॅम्प आधी, हे मान्य.

एक्सेलबद्दल. दृष्टी ६/९ अशी लिहिलीत की एक्सेल तिची ६ सप्टेंबर ही तारीख करतो, आणि ६/६० चा जून १९६० होतो. वर्षभराने यादी काढाल तेव्हा अर्ध्या लोकांची नजर तारखांत गेलेली असेल आणि ती परत आणणं कटकटीचं. +१.२५ मधला अधिकही गळतो. टाइप करण्याआधी ते स्तंभ 'टेक्स्ट' करून ठेवा. आधी टाइप करून मग टेक्स्ट केलं तर उपयोग नाही. सुरुवातीचे दोन-तीन महिने एक्सेल चालेल. त्यातून निदान कुठले रकाने लागतात ते कळतं.

सॉफ्टवेअर घेताना:

स्फेरिकलला चिन्ह टाकल्याशिवाय नोंद पुढे सरकू नये. अ‍ॅक्सिस १ ते १८० च्या बाहेर घेऊ नये. सिलेंडर भरला आणि अ‍ॅक्सिस रिकामा, तर अडवावं. लॅबला जाणाऱ्या ऑर्डरमधल्या चुका बहुतेक इथल्याच.

पेशंटची ओळख मोबाइल नंबरावर ठेवू नये. गावात एका मोबाइलवर पाच माणसं असतात, मग आजीच्या नावावर नातवाचा नंबर चढतो. चालू क्रमांक ठेवा, मोबाइल फक्त शोधायला. आभाचा (सरकारी डिजिटल आरोग्य ओळखीचा) १४ आकडी क्रमांक घ्यायचा रकाना असू दे, पण सक्तीचा नको.

मराठी युनिकोडमध्येच हवं. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटवर चालणारी पॅकेजेस अजून विकली जातात. तिथून डेटा बाहेर काढला की इंग्रजी अक्षरांची खिचडी हाती येते. डेमोत 'ज्ञानेश्वर' टाइप करा, सीएसव्हीत (साध्या मजकुराच्या फाइलीत) काढा, नोटपॅडमध्ये उघडा. नीट दिसला तर पुढे बोलणी.

'तीन वर्षं फुकट' चा अर्थ चौथ्या वर्षी कळतो. करार संपल्यावर जुन्या नोंदी वाचता येतील का आणि सगळा डेटा एकरकमी काढून मिळेल का, हे कोटेशनवरच लिहून घ्या. ऑटोरेफचं रीडिंग आपोआप आत येतं का तेही. बऱ्याच यंत्रांना अजून आरएस-२३२ चं तोंड असतं. यूएसबी कन्व्हर्टर लागतो आणि दोन्हीकडे बॉड रेट (डेटा पाठवायचा वेग) सारखा लागतो, नाहीतर पडद्यावर कचरा येतो. ऑटोरेफचा थर्मल कागद फाइलला लावू नका, काही महिन्यांत कोरा होतो.

बिलिंग: २२ सप्टेंबर २०२५ पासून फ्रेम, काचा आणि नंबरचे चष्मे ५ टक्के जीएसटीत आलेत, साधे गॉगल नाहीत. जुन्या दरांवर अडकलेलं सॉफ्टवेअर अजून दिसतं. आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा पॅकेजमधला संगणक कुठल्या विंडोजवर आहे ते बघा.

फोटो डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर 'फोटो' म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि सूक्ष्म ठिपके पुसले जातात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नावाऐवजी क्रमांक, आणि उजवा-डावा फाइलच्या नावातच. दुकानाचा वेगळा फोन ठेवा. घरच्या फोनवर हे फोटो लग्नाच्या अल्बमशेजारी जाऊन बसतात आणि क्लाउडवर चढतात. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा अशा माहितीला लागू होतो. मराठीत छापलेला संमतीचा एक कागद, अठरा वर्षांखाली पालकांची सही.

बॅकअप रोज बाहेरच्या डिस्कवर आणि क्लाउडवर. महिन्यातून एकदा त्यातून एक नोंद परत काढून बघा. न उघडलेला बॅकअप धरू नका.

---

अ‍ॅक्सिस_९०

टीव्हीचं राहिलंच होतं. १० फुटांची खोली म्हणजे ३.०५ मीटर. खुर्ची मागच्या भिंतीला लावली तरी पेशंटचा डोळा भिंतीपासून दीड फूट पुढे, म्हणजे समोरच्या भिंतीवरचा तक्ता २.६ मीटरवर. तिथून येणारे किरण ०.३८ डायॉप्टरने फाकलेले असतात, आणि दूरच्या नंबरात पाव नंबरभर जास्त प्लस जातो. 'घाटात समोरची गाडी धूसर' ही तक्रार त्यातूनच.

वर ३२ इंची एचडी रेडी टीव्हीचा एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. २.६ मीटरला ६/६ चं अक्षर ३.८ मिलिमीटर, म्हणजे त्याची रेघ दीड ठिपक्याची. अक्षर फुटतं आणि पेशंटला दोष लागतो.

दोन्हीवर एकच उपाय, आरसा. टीव्ही पेशंटच्या डोक्यावर मागच्या भिंतीला, समोर २ फूट बाय दीड फूट सपाट आरसा, तक्त्याच्या अ‍ॅपमध्ये 'मिरर' चालू. अंतर २.६ अधिक ३ म्हणजे ५.६ मीटर. मग फुल एचडी टीव्हीवर ६/६ ची रेघ चार ठिपक्यांची येते. अ‍ॅपमध्ये अंतर भरल्यावर पट्टीने ६/६० चं अक्षर मोजा: ६ मीटरला ८७ मिलिमीटर, ५.६ ला साडेएक्याऐंशी. टीव्हीतली 'डायनॅमिक', 'इको' आणि कडा ठळक करणारी सेटिंगं सगळी बंद. इंग्रजी न वाचणाऱ्यांसाठी देवनागरी अक्षरं ठेवा, पण नंबर ठरवताना 'ई' च्या दिशा किंवा अंकच वापरा. देवनागरीत शिरोरेघेने अक्षर ओळखायला मदत होते.

---

प्लस_वन

म्हणजे आरसा, अर्थिंग, ऑटोरेफ, स्लिट लॅम्प, मग सॉफ्टवेअर. कॅमेरा डॉक्टरांशी बोलून. साध्या काचेचा आरसा चालेल की पुढून चांदी चढवलेला लागेल?

---

अ‍ॅक्सिस_९०

साधा चालेल, ५ मिलिमीटरच्या चांगल्या काचेचा. विकत घेताना ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघत डोकं हलवा. कड लहरली तर दुसरा घ्या. कडांना सिलिकॉन लावून घ्या, नाहीतर दोन पावसाळ्यांत चांदी काळी पडते.